कापडामागची जागा

संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर मास्तरांचा भलामोठा फोटो लावला होता आणि खाली लिहिलं होतं, 'नवी पालवी: एका चित्रकाराचा दुसरा जन्म'. फोटोत मास्तर हनुवटीखाली मूठ धरून बसले होते. हनुवटीवरचा व्रण झाकायची त्यांची ही जुनी युक्ती. बघणाऱ्याला वाटावं, माणूस केवढ्या विचारात आहे. काकू पायऱ्या चढता चढता थांबल्या, फोटोकडे बघितलं आणि मनात म्हणाल्या, दुसरा जन्म झाला खरा, पण बाळंतपण कुणी केलं ते लिहायचं राहिलं की. मग कठडा धरून उरलेल्या पायऱ्या चढल्या.

काकू म्हणजे मास्तरांची बायको. मास्तर पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे म्हणून मास्तर, आणि काकू गल्लीतल्या लहानथोर सगळ्यांच्याच काकू. जन्मभर त्यांनी तंबू शिवले आणि दुकानांवरची कापडी छपरं शिवली. डाव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. कुणी विचारलं तर हात मशीनखाली गेला म्हणून सांगायच्या, आणि विचारणारा हळहळून गप्प बसायचा. मुलगी एकच, बेबी. चाळिशीला टेकली, शाळेत मुलांना खेळ शिकवते, खांदे पुरुषासारखे रुंद, पण नाव बेबीचं बेबीच राहिलं.

उद्घाटन दुपारी होतं. काकूंना खरं म्हणजे यायचंच नव्हतं. पण सकाळी बेबीचा फोन आला, 'आई, लवकर ये, एक गंमत आहे,' आणि बेबीच्या आवाजात असं काही होतं की काकूंना घरी थांबवेना. त्यांनी हातातलं काम तसंच टाकलं, ठेवणीतले कपडे अंगावर चढवले आणि निघाल्या.

गंमत दालनाच्या मधोमध उभी होती. एक दाराची चौकट. आजूबाजूला भिंत नाही, काही नाही, नुसती लाकडी चौकट फळ्या ठोकून उभी केलेली, आणि तिच्यावर कोरं जाड कापड खिळ्यांनी ताणून बसवलेलं. शेजारच्या टेबलावर रंगाचे डबे, हातोडी, उरलेले खिळे, कापड कापायची सुरी आणि मास्तरांची पटाशी. सुतार लाकूड तासायला वापरतात ती, चांगली रुंद पात्याची. तिच्या मुठीला नवी चिंधी गुंडाळली होती. काकूंनी अंगठा पात्यावर फिरवला आणि चटकन मागं घेतला. गेले काही दिवस मास्तरांच्या खोलीतून दगडावर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता, तो कशाचा हे आता कळलं.

कापडामागून बेबी बाहेर आली. अंगात जाड एप्रन, हातात एक फळी. चेहरा असा फुलला होता की काकूंना तिचं लहानपण आठवलं.

"बाबा आज पुन्हा चित्र काढणार आहेत," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. आणि मागं मी उभी राहणार."

हे मागं उभं राहणं काय प्रकरण आहे, ते जरा सांगायला हवं.

त्या काळी घर दोन खोल्यांचं होतं. पुढं बसायची खोली, मागं स्वयंपाकघर, मध्ये दार. मास्तरांची शाळा सुटली होती. म्हणजे मास्तरांनी मुख्याध्यापकाच्या डोक्यात दौत घातली आणि शाळेनं मास्तरांना सोडलं. चित्रं तर त्याच्याही आधीपासून बंद पडली होती. हा बाबा दिवसभर पुढच्या खोलीत पीत बसायचा आणि हात शिवशिवले की काकूंवर चालून जायचा. कारणाची वाण कधीच पडली नाही. पाणी कोमट होतं, उत्तर उशिरा दिलं, उत्तर लवकर दिलं. एकदा त्यांनी काकूंना दारावर असं आपटलं की दार बिजागऱ्यांतून निघालं आणि मोडलं. राहिली नुसती चौकट. मग मागच्या मशीनची खडखड पुढं ऐकू यायला लागली, ती साहेबांना सहन होईना. काकूंच्याच तंबूच्या कापडातला एक तुकडा घेऊन त्यांनी चौकटीवर ठोकला आणि स्वयंपाकघर बंद करून टाकलं.

आता पुढच्या खोलीत जायचं तर काकूंना मागच्या दारानं बाहेर पडून, सगळ्या बिऱ्हाडांना वळसा घालून, स्वतःच्याच घराची कडी वाजवायची वेळ आली. मार खाताना जी बाई हूं की चूं करत नव्हती, तिच्या या वळशापायी तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या खोलीला मोठी खिडकी होती. दुपारचं ऊन तिच्यातून आत यायचं आणि मास्तर मध्ये उभे राहिले की त्यांची सावली कापडावर पडायची. स्वयंपाकघरातून ती स्पष्ट दिसायची, डोकं, खांदे, हात. काकूंनी खलातला बत्ता उचलला, सावलीचं डोकं बघितलं आणि जीव खाऊन घातला.

कापड फाटलं आणि बत्ता मास्तरांच्या हनुवटीवर बसला. हाड मोडल्याचा आवाज काकूंनी ऐकला. आता हा कापड फाडून येणार आणि आपल्याला जिवंत ठेवत नाही, म्हणून त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. कुणी आलं नाही. शेवटी त्यांनी भोकाला डोळा लावला. मास्तर तोंडातलं रक्त तळहातावर घेऊन भोकाच्या कडेनं कापडाला लावत होते. हळूहळू, मन लावून, जीभ दातांत धरून.

मास्तरांच्या दुसऱ्या जन्माची ही कथा. त्यावर आता जाडजूड पुस्तकं निघाली आहेत आणि त्यांत बत्त्याचा उल्लेख नाही.

त्यानंतर हेच चालू झालं. दुपारी ऊन खिडकीत आलं की मास्तर पुढून कापडावर रंगाचे थर थापायचे आणि पटाशीनं ते ओरबाडायचे, हाणायचे, भोसकायचे. पटाशीला मागून आधार लागतो, नाहीतर कापड नुसतं झोल खातं. तो आधार काकूंनी द्यायचा. कापड बेतायची फळी दोन्ही हातांनी धरून, सावलीचा हात जिथं येईल तिथं ती दाबायची. जरा चुकलं की पटाशी आरपार. खांद्यावर, दंडावर, एकदा कानाखाली. आणि संधी मिळाली की काकूंनी फळी टाकून बत्ता उचलायचा. मास्तरांची एक बरगडी आणि उजव्या डोळ्याची भुवई त्यात गेली. शिव्या दोन्हीकडून, आणि त्याही अशा की शेजारणी पोरांना घरात घ्यायच्या. संध्याकाळी फाटलेलं कापड काकू मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवून द्यायच्या. त्यांतली बरीच चित्रं आज या भिंतींवर होती, टाक्यांसकट.

एक गोष्ट काकूंनी कधी कुणाजवळ काढली नव्हती. त्यांना ते आवडायचं. दुपार कलली की त्यांचे हात मशीनवर ठरायचे नाहीत. ज्या नवऱ्यापुढं त्या वर्षानुवर्षं नुसत्या मार खात आल्या होत्या, त्याला त्या उलटून मारत होत्या आणि तो त्यांची वाट बघत होता. कापड आल्यापासून मास्तरांनी त्यांना कापडाशिवाय हात लावला नव्हता, मारायला नाही की आणखी कशाला नाही. काकूंना तो आपला संसार वाटायचा.

मग एक ढगाळ दिवस आला. ऊन नाही, सावली नाही. काकू म्हणाल्या, आज नको, मला काही दिसत नाहीये. मास्तर ऐन भरात होते. पटाशी आली ती फळीच्या कडेवरून काकूंच्या डाव्या तळव्यात घुसली, पलीकडं निघाली आणि लाकडात रुतली. काकू ओरडल्या. पुढून एक हिसडा बसला, पटाशी निघून गेली, आणि पाठोपाठ कापडावर पुन्हा घाव पडायला लागले. चित्र पुरं झाल्यावर मास्तर वळसा घालून मागच्या दारानं आले. तोवर काकूंनी हात फडक्यात गुंडाळला होता आणि फडकं भिजून खाली गळत होतं. त्यानंतर त्या कापडामागं गेल्या नाहीत. पुढं चित्रांना भाव आला, मोठं घर झालं, दोघांच्या खोल्या वेगळ्या झाल्या. मास्तर चित्रं काढत राहिले, पण ती सगळी दिवाणखान्यात शोभतील अशी, आणि हे मास्तरांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता म्हातारपणी त्यांना पुन्हा चौकट हवी होती, आणि मागं लेक हवी होती.

काकूंनी आधी क्युरेटरबाईंना गाठलं. प्रदर्शन त्यांनीच उभं केलं होतं, आणि बाई होती चलाख. तिनं काकूंना हाताला धरून पहिल्या चित्रापाशी नेलं आणि बोट दाखवलं. बाकी बहुतेक चित्रांत फाटलेल्या कडा आत गेल्या आहेत, यात बाहेर आल्या आहेत, म्हणजे हा घाव मागून बसलाय, बरोबर ना? काकू म्हणाल्या, उंदरांनी कुरतडलं असेल. बाई हसली नाही. तुम्हाला केव्हाही सांगावंसं वाटलं तर खालची पाटी मी बदलीन, एवढं म्हणाली. काकूंच्या ओठावर आलं होतं. पण बत्त्याचं सांगायचं तर आवडायचं तेही सांगावं लागणार, आणि ते या परक्या पोरीसमोर कसं सांगायचं? त्यांनी विषय बदलला आणि आजचा कार्यक्रम थांबवा म्हणाल्या. मास्तरांचा हात मध्ये थांबत नाही, तो त्यांचा स्वभावच नाही. बाई गंभीर झाली, आत जाऊन बोलून आली. पटाशीला धार नको म्हटलं तर मास्तर कोट घालून घरी निघाले होते. आणि बेबीनं सांगितलं होतं, मी कुक्कुलं बाळ नाही. शेवटी जाड हातमोजे घालायचे, एवढ्यावर तडजोड झाली होती.

मग काकूंनी बेबीला चित्रं ठेवायच्या खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं. दालनात दिवे सगळीकडून आहेत, काकूंनी सांगितलं, मागून तुला सावली दिसणार नाही. बेबी म्हणाली, आवाजावरून कळेल, माझ्या पाठीमागून आलेला चेंडूसुद्धा मी सोडत नाही. तेव्हा काकूंनी डावा हात तिच्यापुढं धरला.

"हा मशीनखाली गेला नव्हता, बेबी."

बेबीनं हाताकडं बघितलंसुद्धा नाही. "माहितीये मला. मी शाळेतून आले होते. खिडकीतून बघत होते."

काकूंनी हात मागं घेतला.

"त्याच्या आधीही बघायचे," बेबी म्हणाली. "रोज. तूही मारायचीस. आणि दोघं हसायचात. शिव्या देत देत हसायचात तुम्ही, आई. मला कुणी आत घेतलं नाही. मी आपली दप्तर पाठीला लावून खिडकीबाहेर उभी. तुम्हाला तिसरं माणूस नकोच होतं."

"ते चांगलं नव्हतं गं."

"मग सोडलं का नाहीस? हात फुटेपर्यंत का उभी राहिलीस?" बेबीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते मनगटानं पुसून टाकलं. "मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. परवा स्वतः माझ्या घरी आले. म्हणाले, मला तू हवीस. मी नाही म्हणणार नाही, आणि तूही मला अडवू नकोस."

काकूंनी लावलेलं दार उघडलं आणि त्या तडक मास्तरांकडं निघाल्या.

मास्तर आतल्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. हात मांडीवर, आणि दोन्ही हात थरथरत होते. काकू त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बेबी नको, मी राहते उभी. हे बोलायला त्यांना किती जड गेलं हे मास्तरांना कळायचं कारण नव्हतं. त्यांनी बायकोकडं आपादमस्तक बघितलं, एखादं वापरून झालेलं कापड बघावं तसं.

"तुझ्यात आता काय राहिलंय? तुला मारलं तर तू सोसशील. सोसणारी बाई मागं काय कामाची?" ते म्हणाले. "बेबीत आहे ते. मी तिच्याकडं कधी ढुंकून बघितलं नाही ना, ते सगळं साठलंय तिच्यात. रग आहे पोरीत. आता कामाला येईल."

काकू दाराकडं वळल्या. मास्तरांनी त्यांचा हात धरला, कित्येक वर्षांनी, आणि आवाज खाली आणला.

"मला मरायच्या आधी एकदा जमलं पाहिजे गं. एकदाच."

त्यांना हे मनापासून वाटत होतं, हे काकूंना दिसत होतं. म्हणूनच त्या घाबरल्या. नाटक असतं तर मास्तरांनी हळू मारलं असतं.

लोक आले, भाषणं झाली. पाहुण्यांनी कलावंताच्या पुनर्जन्मावर बोलून घेतलं, क्युरेटरबाई थोडक्यात बोलली आणि तिचं लक्ष सारखं पटाशीकडं जात होतं. मास्तरांनी कोट काढला. पहिल्यांदा लाल थापला, त्यावर काळा. हात थरथरतच होता. लोक आदबीनं बघत होते, फोन वर धरून. काकू बाजूनं चौकटीच्या मागच्या अंगाला जाऊन उभ्या राहिल्या, बेबीपासून हातभर अंतरावर. मागून कापड सगळीकडं सारखंच उजळ दिसत होतं. कुठं डोकं नाही, हात नाही. बेबी फळी छातीशी धरून कान देऊन उभी होती.

पहिला घाव फळीवर बसला. दुसराही. बेबी हसली. तिसरा फळीच्या वर आला आणि कापडातून पात्याचं टोक बेबीच्या कपाळापासून बोटभर अंतरावर बाहेर येऊन परत गेलं. लोकांनी श्वास रोखला आणि मग टाळ्या वाजवल्या. टाळ्या कानात गेल्या तशी मास्तरांच्या हाताची थरथर थांबली. आता पटापट घाव पडायला लागले, एकावर एक, आणि प्रत्येक घावाबरोबर त्यांच्या तोंडून तो जुना हुंकार निघत होता. काकूंनी तो लगेच ओळखला. पटाशी बेबीच्या दंडात गेली. एप्रनची बाही फाटली, रक्त कोपरापर्यंत आलं. क्युरेटरबाई ओरडली, थांबा, बस झालं. मास्तरांनी तिला एका हातानं बाजूला लोटलं, ती टेबलावर आदळली आणि रंगाचा डबा सांडला.

"लागलं का?" मास्तरांनी पलीकडून विचारलं. आवाजात काळजी नव्हती, कुतूहल होतं.

"नाही," बेबी म्हणाली. "अजून."

काकूंनी तिच्या तोंडाकडं बघितलं. गाल लाल झाले होते, ओठ अर्धवट उघडे होते, आणि डोळ्यांत जे होतं ते काकूंना पुरतं ओळखीचं होतं. स्वतःचा चेहरा असा बाहेरून त्यांनी कधी बघितला नव्हता. हे सुख त्यांनी हातातून पटाशी जाईपर्यंत भोगलं होतं आणि पोरगी ते खिडकीतून शिकली होती. आता हिला सांगून काही उपयोग नाही. ओढून नेलं तरी उद्या ती त्यांच्या खोलीत जाऊन उभी राहील, परवा राहील, आणि हे पुन्हा मस्त चित्र काढतील. काकूंना एकच गोष्ट सुचली. कापड आहे तोवर हे चित्र आहे. कापड नसलं तर काय आहे, ते पोरीला दिसलं पाहिजे.

त्या पुढं गेल्या आणि टेबलावरची सुरी उचलली. मास्तरांचं लक्ष नव्हतं. काकू चौकटीमागं परत आल्या आणि वरच्या कोपऱ्यात, खिळ्याच्या आतल्या बाजूला, कापडाला एक छेद दिला. जाड कापड एकदा सुटलं की धाग्याच्या रेषेत सरळ फाटत जातं, हे काही त्यांना नव्यानं शिकायचं नव्हतं. त्यांनी सुरी टाकली, दोन्ही हातांनी कड धरली आणि अंगाचा सगळा भार देऊन खाली ओढली. चर्रर करत कापड वरून आडवं, मग दोन्ही कडांनी सुटलं आणि रंगासकट पायात कोसळलं. मग एका हातानं त्यांनी बेबीला मागं ढकललं आणि तिच्या जागी चौकटीत उभ्या राहिल्या.

मास्तरांचा हात वर होता. समोर कापड नव्हतं, बायको होती. त्यांना ती दिसली. याबद्दल काकूंना शेवटपर्यंत शंका आली नाही, कारण दोघांची नजरानजर झाली. हात थांबणार नाही, या एका खात्रीवर त्या तिथं उभ्या राहिल्या होत्या. तरी त्या क्षणी त्यांना फार वाटलं की थांबावा.

पटाशी डाव्या डोळ्याखालून गाल चिरत कानापर्यंत गेली. काकू चौकटीवर आदळल्या, चौकट डगमगली आणि त्या गुडघ्यांवर खाली आल्या. कापडाच्या ढिगावर रक्त पडायला लागलं. कुणी टाळी वाजवली नाही. कुणीतरी एक फोन खाली घेतला, मग बाकीच्यांनी घेतले. एका बाईनं तोंडावर हात ठेवला आणि तशीच राहिली.

"कापड का काढलंस?" मास्तर म्हणाले.

ते चिडले होते, भर कामात वीज गेल्यावर माणूस चिडतो तसे. बायकोच्या गालाकडं त्यांनी एकदाच बघितलं. मग कापड पायानं सारखं करायला लागले आणि चौकटीशी उभ्या असलेल्या संग्रहालयाच्या माणसांना सांगायला लागले की नवं कापड आणा, खिळे आहेत तिथंच, लोक थांबलेत.

बेबी उठली. ढकलल्यावर ती फरशीवर पडली होती. ती कापडावरून चालत मास्तरांपाशी आली आणि त्यांच्या हातातली पटाशी तिनं एका हिसड्यात काढून घेतली. मास्तरांचं मनगट पिरगळलं, ते कळवळून वाकले. बेबीनं दुसऱ्या हातानं त्यांचा सदरा गळ्याशी धरला आणि त्यांना भिंतीपर्यंत मागं नेलं. दोन चित्रांच्या मधल्या रिकाम्या जागेवर त्यांचं डोकं आपटलं. पटाशी वर गेली. काकूंना ओरडायचं होतं, पण गाल हलत नव्हता. पोरीला मागून काढली ती पुढं पटाशी घेऊन उभी राहावी म्हणून का, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात आला, आणि त्या उठायची धडपड करायला लागल्या.

मास्तरांनी लेकीच्या तोंडाकडं बघितलं. पात्याकडं नाही, तोंडाकडं. आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"हेच," ते म्हणाले. "हे तोंड पाहिजे मला. बेबी, अशीच राहा. अशीच मागं जाऊन उभी राहा, कापड लावतील ते. जमतंय तुला."

बेबी जन्मभर ज्याची वाट बघत होती, ते तिला मिळालं होतं. नावानं हाक, आणि शाबासकी. पटाशी वर धरून ती तशीच उभी राहिली, आणि तिच्या दंडावरचं रक्त ओघळून बापाच्या सदऱ्यावर पडत होतं. ती मार खाणार होती तेव्हा बाबा असेच खूश होते. ती मारायला आली आहे तर तेवढेच खूश आहेत. पटाशी त्यांच्या गळ्यात घातली असती तरी मरता मरता ते रंग बघत राहिले असते. काकूंना हे सगळं ठाऊक होतं, पण ते सांगता येत नाही. बेबीच्या खांद्यांवरून त्यांना कळलं की आता तिला कळतंय. खांदे आधी ताठ होते, मग हळूहळू उतरले.

तिनं सदरा सोडला. पटाशी टेबलावर खिळ्यांशेजारी ठेवली, आणि बापाकडं पाठ करून आईपाशी येऊन बसली. एप्रन काढून त्याची स्वच्छ बाजू तिनं आईच्या गालावर दाबून धरली. मागं मास्तर बोलतच होते, तिचं नाव घेत होते, अगं बेबी, इकडं बघ, अगं वेळ जाईल. क्युरेटरबाई गाडी बोलवत होती. चौकटीपाशी उभ्या असलेल्या माणसांपैकी कुणी हातोडीला हात लावला नाही.

"आई, दुखतंय का?" बेबीनं विचारलं.

आयुष्यभर या प्रश्नाला काकू 'काही नाही' म्हणत आल्या होत्या. तंबूच्या कारखान्यात, दवाखान्यात, शेजारणींना, आणि शाळेतून आलेल्या या पोरीलाही.

"हो," काकू म्हणाल्या. "फार दुखतंय गं."

मग त्या मोठ्यानं रडायला लागल्या, सगळ्या लोकांसमोर, आणि बेबी त्यांना धरून बसली.